तिसरा ढीग

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काय केलं, तर तुरीची डाळ निवडली. मिळून म्हणायचं आपलं. निवडत ती होती, मी समोर बसून चहा पीत होतो. डाळीला ती मला हात लावू द्यायची नाही. "तुमचा हात खडीचा हाय," म्हणायची. ते खोटं नव्हतं. तीस वर्षं मी नळदुर्गाजवळ खडीच्या क्रशरवर काढली. दगड फोडायचा, मशीनमध्ये लोटायचा, खाली चाळणीतनं जाड खडी, बारीक खडी, कच आपापली पडायची. माणसानं काही निवडायचं नाही.

तर सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. तिनं ताटात तीन ढीग केले. एक डाळीचा. एक खड्यांचा, चिमूटभर. आणि तिसरा मूठभर, त्यात काय होतं ते मला बसल्या जागेवरनं दिसलं नाही.

"ह्यो ढीग कशाचा गं?"

"कळंना त्याचा."

"म्हंजे?"

"म्हंजे कळंना. उद्या सांगते."

तिसरा ढीग तिनं फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यात ओतला, झाकण दाबून बसवलं आणि स्वयंपाकाला लागली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणलं, असंल. पोरगा सोलापूरहून आला, विहारातली माणसं आली, वंदना झाली, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

उद्या सांगते म्हणाली आणि सांगितलं नाही. सगळ्या जन्मात तिनं मला एवढीच एक थाप मारली असं मी तेव्हा धरून चाललो होतो. त्या डब्याचं पुढं येईलच. पण आधी ही बाई कशी होती ते सांगावं लागंल, न्हायतर डबा तुम्हाला कळायचा नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. तिची तेवढीबी नाही. पण तिच्यापाशी एक इंग्रजी शब्द होता. सॉर्ट. लोकं इंग्रजी शब्द बोलायला वापरतात, हिनं तो शब्द कामाला लावला होता.

हा शब्द तिला द्राक्षात मिळाला. आमच्या जळकोटच्या अलीकडं हायवेला लागून द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. पोराचं लग्न झालं, घरात सून आली, तशी ही म्हणाली, मी आता कामाला जाते. लोकं सून आल्यावर बसतात, ही उठली. तिथं बायका टेबलाला उभ्या राहून, डोक्याला जाळीची टोपी घालून, हातात बारकी कात्री घेऊन घडातले खराब मणी काढतात. सुपरवायझर नाशकाकडचा पोरगा. पहिल्याच दिवशी त्यानं तिच्यापुढं तीन क्रेट ठेवले. हे बाहेर देशाला जायचं, हे सोलापूरच्या बाजाराला, आणि ज्याचं कळणार नाही ते तिसऱ्यात, मी बघतो. याला सॉर्ट करणं म्हणतात मावशी, म्हणाला.

संध्याकाळी बघतो तर हिचा तिसरा क्रेट गच्च. पोरगा तापला.

"मावशी, एवढं न कळायला काय झालं? हा घड बघा, काय वाईट आहे ह्याच्यात?"

"वाईट काय बी न्हाय."

"मग?"

"थकलाय त्यो."

"घड थकतो?"

"तुमी थकत न्हाय का?"

बाकीच्या बायका कात्र्या खाली ठेवून हसल्या. पण पोरगा शहाणा होता. त्यानं तो घड खुंटीला टांगून ठेवला. तिसऱ्या दिवशी मणी आपोआप खाली पडायला लागले. तेव्हापासून तो स्वतःचा तिसरा क्रेट घेऊन हिच्याकडं यायला लागला. "आजी, हे जरा बघा." मावशीची आजी झाली, म्हणजे मान वाढला का वय, ते तिला कळलं नाही. तेबी तिनं तिसऱ्यात टाकलं.

तिथनं मग घरात कशाला म्हणून सोडलं नाही. कपडे सॉर्ट, भांडी सॉर्ट, पाव्हणे सॉर्ट. कुणी दारात आलं की चहा ठेवायच्या आत तिचं झालेलं असायचं. हा कामाचा, हा बसायला आलेला, हा तिसऱ्यातला. निम्मं गाव तिसऱ्यात होतं. आणि एक सांगायचं, तिसऱ्यात असलेल्याला तिनं कधी वाईट वागवलं नाही. उलट त्याला चहात साखर जास्त. "त्याचं अजून ठरायचंय, बिचाऱ्याचं," म्हणायची.

मी एकदा विचारलं, "आन् मी गं कुठल्या ढिगात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. नीट, वरपासून खालपतोर, घडाकडं बघावं तसं.

"तुमी अजून तिसऱ्यात हाव."

"आगं, चाळीसच्या वर वर्षं झाली लग्नाला!"

"मग काय घाई हाय?"

सून आमची नळदुर्गाला शाळेत इंग्रजी शिकवते. गुणी आहे, पण मास्तरीण ती मास्तरीण. सासूच्या तोंडात इंग्रजी शब्द ऐकून तिला सुरुवातीला कौतुक वाटलं, मग काळजी वाटायला लागली. एके दिवशी भाकरी करता करता म्हणाली, "आत्या, सॉर्ट म्हणजे वर्गीकरण करणे."

"म्हंजे काय करणे?"

"म्हंजे प्रकारानुसार वेगवेगळं ठेवणे."

"आन् परकार कळला न्हाय तर?"

"काय?"

"ही कशातली हाय तेच कळलं न्हाय, तर ठेवायची कुठं?"

सुनेची भाकरी तव्यावर करपली. "आत्या, पुस्तकात तेवढंच दिलंय."

"मग तुझं पुस्तक अर्धं हाय."

सून रुसेल असं मला वाटलं. तिनं काय केलं, दुसऱ्या आठवड्यात सासूला शाळेत नेलं. पाचवीच्या वर्गाला हाच शब्द होता म्हणे. ही निघाली इस्त्रीचं लुगडं नेसून, काखेत सूप आणि हातात पिशवी. पिशवीत ज्वारी, मूग, मटकी, हरभरा, चिंचोके, शर्टाची बटणं, सगळं कालवून नेलेलं. मी मागनं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशी गोष्ट कोण सोडतंय.

तिनं वर्गात बसकण मारली आणि पोरांच्या पुढं पिशवी ओतली. "करा सॉर्ट."

पोरं तुटून पडली. ज्वारी इकडं, मूग तिकडं. एक बारकी पोरगी मात्र हातात एक बी घेऊन नुसती उभी. बोराची वाळलेली बी होती, चुकून पिशवीत आलेली. "आजी, ही कशात?" बाकीची पोरं हसली. कुणी म्हणलं हरभऱ्यात टाक, कुणी म्हणलं खिडकीतनं टाक.

ही म्हणाली, "हसू नगा. समद्या वर्गात ह्या एकटीला सॉर्ट आलं. तुमी कळल्यागत केलं, हिला कळलं न्हाय म्हणून हिनं इचारलं."

मग तिनं पोरांना जे सांगितलं ते मी दाराशी उभं राहून ऐकलं. आपल्यात निवडणं म्हणतात, म्हणाली. निवडलं की हवं ते घेतलं, बाकी सोडलं. पाखडलं की फोल उडून गेलं. चाळलं की बारीक खाली गेलं. ह्या समद्यात काहीतरी टाकून द्यायचं असतं. सॉर्टमध्ये टाकायचं न्हाय. जे ज्याचं ते त्याच्यापाशी नेऊन ठेवायचं. खडा वाईट न्हाय रे पोरांनो, खडा डाळीत आला हे वाईट. अंगणात टाका, चिखलात पाय घसरायचा न्हाय.

हेडमास्तर मागं उभे होते. म्हणाले, "आजी, शिक्षण कुठपर्यंत झालं?"

"द्राक्षात झालं," म्हणाली.

त्या दिवसापासून सून घरात तो शब्द जपून वापरायला लागली. पोरगा मात्र नाही. तो कंपनीत आहे, फोनवर सारखं त्याचं चाललेलं असतं, 'सॉर्ट करतो सर, सॉर्ट करतो.' एकदा ही त्याला म्हणाली, "तू जे करतूस ते मिटवणं हाय. मिटवलं की एकच ढीग हुतो आन् वरनं गोणपाट टाकायचं. सॉर्ट केलं की दोन हुत्यात."

मिटवण्याचा तिला राग का, ते मला माहीत होतं. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं बांधावरच्या बाभळीवरनं चार वर्षं बोलणं बंद होतं. झाड त्याच्या अंगाला, झुकलेलं माझ्या अंगाला. गावातल्या मोठ्या माणसांनी तीनदा मिटवलं. मिटवलं की आठ दिवस बरं चालायचं, की पुन्हा सुरू. एके दिवशी ही सरळ भावाच्या घरी गेली. मी म्हणलं, जाऊ नको. गेली. तिथं उंबऱ्यावरच म्हणाली, "भावजी, बाभळ तुमची, सावली आमची. लाकूड तोडताना इचारा, सावलीत बसताना आमी न्हाय इचारणार. हाय का कबूल?"

भाऊ म्हणाला, "वैनी, सावली कुणी वाटून घेत असतंय व्हय?"

"मग भांडत कशापायी हुता? तुमाला लाकूड पायजे हुतं, ह्यांना दुपारी टेकायला पायजे हुतं. तुमच्यातल्या एकानंबी सांगितलं न्हाय."

ते खरंच होतं. मला त्या झाडाखाली टेकायला पाहिजे होतं. चार वर्षांत ते मी तोंडानं कधी म्हणलो नव्हतो. माझं माझं झाड एवढंच ओरडत होतो. भाऊ आता रोज येतो. ती गेली तेव्हा माझ्याआधी तोच रडला.

अजून एक सांगतो आणि पुढं जातो. विहाराच्या मंडपात एक लग्न होतं, जयभीमवाली सगळी मंडळी, अणदूर-नळदुर्गापासनं पाव्हणे. जेवणाच्या वेळी अवकाळी वारं सुटलं, मंडपाचं कापड खाली आलं, माणसं मिळंल ती चप्पल पायात घालून पळाली. मागं राहिलेल्या चपलांचा हा एवढा ढीग. नवरीची आई रडकुंडीला आली. हिनं पदर खोचला आणि तासाभरात जोड्या लावल्या. बिनजोडीच्या राहिल्या सात. त्या घरी आणल्या. सहाचे मालक महिनाभरात लागले. सातवी एक गड्याची डाव्या पायाची, टाच झिजलेली. ती तिनं ओसरीच्या खुंटीला टांगली. जो गडी दारात येईल त्याला, "जरा डावा पाय घाला बरं ह्यात." पोस्टमनचा घालून पाहिला. मीटर बघायला आलेल्याचा घालून पाहिला. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याचा घालून पाहिला, त्यानं हात जोडत जोडत घातला. मी म्हणलं, "आता फेक ती." म्हणाली, "एका पायानं कुणीतरी घरी गेलाय. त्याची दुसरी त्यानं फेकली नसंल तर?" दोन वर्षांनी हिचाच चुलतभाऊ आला, चप्पल पाहिली आणि म्हणाला, "आगं, ही माझी!" त्याची उजवी खरंच त्याच्या घरी माळ्यावर होती. त्या दिवशी तिनं शिरा केला.

आता डोळ्याचं. दोन वर्षांखाली तालुक्याच्या शिबिरात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ही सोबत होती. तिथला डॉक्टर म्हणाला, मावशी, तुमचेबी दाखवा, आलाच आहात तर. ही म्हणाली, "माझ्या डोळ्यावर परदेशात द्राक्षं गेली. मला काय दाखवायचं?" आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसली. पुढच्या हंगामाला पॅकहाऊसला गेली नाही. का गं, म्हणलं, तर गुडघा. मी गुडघ्याला तेल आणून दिलं. रोज चोळायची माझ्यापुढं. मी बाटलीचं बूच लावून ठेवायचो. माणूस एवढा बावळट असू शकतो.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घरात माणसं. आपल्या घरात स्वयंपाक नव्हता, शेजारच्या बायका भाकरी-पिठलं घेऊन आलेल्या. सून चहासाठी साखरेचा डबा शोधत होती. बिस्किटाचा डबा तिनं खाली काढला, झाकण उघडलं आणि माझ्याकडं आली.

"मामा, ह्यात डाळ हाय, पण खडेच खडे हायेत. आत्या असं ठेवतील?"

"बघू."

"परसात टाकून देऊ का?"

"टाकू नको. तिसरं हाय ते."

तिनं डबा माझ्यापुढं ठेवला. सासूची सून होती, तिला लगेच कळलं. मी ताट मागितलं. ओसरीवर, काल जिथं ती बसली होती तिथं बसलो, आणि डबा ओतला.

डबा भरलेला होता. एका दिवसाचा ढीग नव्हता तो, वर्षभराचा होता. आणि त्यात काय होतं? चांगली पिवळी डाळ होती. आणि तिच्यात खडे होते. नुसते बारीक नव्हेत, माझ्या करंगळीच्या नखाएवढेबी, काळे, कुणालाबी दिसावेत असे. म्हशीला दिसले असते.

तिला दिसत नव्हते.

वर्षभर दिसत नव्हते. जेवढं दिसायचं तेवढं ती डाळीत ठेवायची, आणि जराबी शंका आली की तिसऱ्यात. म्हणूनच वर्षभर माझ्या दाताखाली एक खडा आला नाही. मला वाटायचं, बाईचा हात काय आहे! गुडघाबिडघा काही नव्हता.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं दगडात काढली मी. दगड मला अंधारात कळतो. आणि घरात दगड ओळखायची वेळ आली तर बाईनं मला विचारलं नाही. मी समोर चहा पीत बसलेलो, ऑपरेशन केलेला डोळा घेऊन, दुसरा हात रिकामा. "कळलं न्हाय तर इचारायचं" हे तिनं पाचवीच्या पोरांना सांगितलं, हेडमास्तरांच्या देखत सांगितलं. स्वतःचं काही तिनं विचारलं नाही. आणि मीबी कधी विचारलं नाही, हेबी सांगायला पाहिजे.

मग मी निवडायला लागलो.

आलेल्या बायका बघत होत्या. एक म्हातारी दुसरीच्या कानात म्हणाली, मला ऐकू जाईल अशी, "बुवाला धक्का बसलाय. कालच बायको गेली आन् डाळ घेऊन बसलाय."

मी म्हणलं, "धक्का बसलाय तर बसलाय. तुमी चहा घ्या."

थोड्या वेळानं सून समोर येऊन बसली. डोळे सुजलेले. तिनं दोन-चार दाणे उचलले, उजेडात धरले, घुटमळली. बारका लालसर मुरमाचा खडा आणि डाळ तिला एकसारखीच दिसत होती.

"ओठाला लाव," मी म्हणलं.

"आं?"

"ओठाला लाव. खडा गार लागतो. डाळ न्हाय लागत."

तिनं लावला. मग माझ्याकडं पाहिलं. "लागतोय मामा."

"तुझ्या पुस्तकात हे बी नसंल."

ती हसली आणि लगेच रडली, आणि दोन्ही करत करत निवडत राहिली. भाऊ आला, तोबी बसला, त्याचा हात लागला तिथं डाळच सांडली, त्याला उठवला. ऊन सरकत सरकत उंबऱ्याला आलं तेव्हा ताट आवरलं. डाळीची पातेली भरली. खडे मी उठून अंगणात नळापाशी टाकले, तिथं नेहमी चिखल असतो.

ताटात आठ-दहा राहिले. मी ते उजेडात धरून पाहिले, बोटात फिरवून पाहिले, ओठाला लावून पाहिले. दगडात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला कळायला पाहिजे होते.

सुनेनं विचारलं, "मामा, झालं का सॉर्ट?"

"न्हाय. जरासं ऱ्हायलंय."

ते आठ-दहा मी पुन्हा बिस्किटाच्या डब्यात टाकले, झाकण दाबून बसवलं आणि डबा फळीवर त्याच्या जागी ठेवून दिला.